पादुकापुष्पाची कुंडी

बागकामाच्या पुस्तकांतून ‘काटक’ हा शब्द वारंवार येतो. अमुक रोप काटक आहे, तें बर्फांतहि टिकतें, असें वाचून पुष्कळ हौशी लोक तें मागवितात आणि वैशाख संपण्यापूर्वींच रिकाम्या कुंडीकडे पाहात बसतात. दोष रोपाचा नसतो. पुस्तक थंड देशांत लिहिलेलें असतें. तिकडे काटक म्हणजे हिम सोसणारें, आपल्या वऱ्हाडांत काटक म्हणजे ऊन सोसणारें. हा भेद ध्यानांत ठेवून ‘स्लिपर ऑर्किड’ नामक फुलाचा अभ्यास आज आम्ही विद्यार्थ्यांपुढें मांडीत आहों. इंझोरीसारख्या गावीं, कपाशीच्या काळ्या शिवारांत वाढलेल्या मुलांस हें फूल पाहावयास मिळण्याचा योग थोडा. परंतु तें कुंडींत वाढविण्याची जी रीत आहे तिच्यांत वनस्पतिशास्त्राचा बराच भाग येऊन जातो.

ऑर्किडांस मराठींत आमरी असेंहि म्हणतात. ह्या कुळांतील फुलांस बाहेर तीन दलें व आंत तीन पाकळ्या असतात. आंतील पाकळ्यांपैकीं एक इतर दोघींसारखी नसून तिला निराळाच आकार आलेला असतो. तिला ओठ म्हणतात. स्लिपर ऑर्किडांत हा ओठ फुगून पिशवीसारखा होतो, आणि पाहणारास लहान मुलाच्या सपातेची आठवण होते. म्हणून ह्या लेखापुरतें आम्ही त्यास ‘पादुकापुष्प’ म्हणूं. शास्त्रीय नांवेंहि ह्याच अर्थाचीं आहेत. सिप्रिपीडियम हें नांव लिनीयसच्या 1753 सालच्या ग्रंथांत आढळतें. कुप्र बेटाच्या देवतेचें पायताण, असा त्याचा भावार्थ. पॅफिओपेडिलम ह्या दुसऱ्या नांवांत त्याच बेटावरील पाफोस नगराचा उल्लेख आहे. पौल व बर्णबा ह्याच नगरास गेल्याचें आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतों.

ही पिशवी केवळ शोभेसाठीं नाहीं. कीटक वरच्या तोंडानें आंत उतरतो, पण कडा गुळगुळीत व आंत वळलेल्या असल्यामुळें त्याच वाटेनें त्यास परततां येत नाहीं. मागच्या बाजूस केसांची एक चढण असते. तिच्यावरून तो वर गेला म्हणजे देठाजवळ दोन अरुंद फटी सांपडतात, आणि तेथून निसटतांना त्याची पाठ आधीं स्त्रीकेसराच्या टोकास व नंतर परागास घांसते. क्रम पाहा: आधीं स्त्रीकेसर, मग पराग. त्यामुळें कीटकानें मागच्या फुलांतून आणलेला पराग ह्या फुलास मिळतो, आणि ह्याचा पराग पुढच्या फुलाकडे जातो. चार्ल्स डार्विन ह्यानें ऑर्किडांच्या परागसंक्रमणावर 1862 सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां ही वाट त्यास नीट उमगली नव्हती. अमेरिकेंतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे ह्यानें खरा मार्ग सुचविला. मग डार्विननें एक लहान मधमाशी पिशवींत सोडून पाहिली; ती मागच्या फटींतून परागानें माखून बाहेर आली, आणि पुढील आवृत्तींत त्यानें आपलें म्हणणें बदललें. पाटीवरील उत्तर खोडावयास लाजणाऱ्या मुलांनीं ही हकीकत पुन्हां एकदां वाचावी.

आतां कुंडीकडे वळूं. पादुकापुष्पांचे दोन मोठे वर्ग आपल्या देशांत आहेत. सिप्रिपीडियम हिमालयांत उंचावर उगवतें. हिवाळ्यांत त्याचीं पानें जातात, भूमिगत खोड बर्फाखालीं निजून राहतें, आणि बर्फ वितळल्यावर नवा कोंब वर येतो. विलायती पुस्तकांतील ‘काटक’ तें हेंच. कांहीं महिने गोठणबिंदूच्या जवळपासची थंडी मिळाली नाहीं, तर त्याची झोप पुरी होत नाहीं व पुढें तें खंगत जातें. उष्ण देशांतील कांहीं हौशी लोक निजलेलें खोड शीतकपाटांत ठेवून हिवाळ्याची भरपाई करतात. ज्या घरांत शीतकपाटांत दूध ठेवावयास जागा अपुरी, तेथें हा उद्योग आम्ही कोणास सांगणार नाहीं.

दुसरा वर्ग पॅफिओपेडिलमचा. हीं रोपें सदाहरित असतात. खासी टेकड्या, आसाम, सिक्कीम, अरुणाचल हें त्यांचें माहेर. दक्षिण भारताच्या द्वीपकल्पांत ह्यांची एकच जाति आहे. ती केरळाच्या दक्षिण टोंकाकडील अगस्त्यमलै डोंगरांत 1865 सालीं कर्नल ड्रुरी ह्यांस सांपडली व त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. महाराष्ट्राच्या रानांत मात्र पादुकापुष्प उगवत नाहीं. कुंडींत वाढविणारांत सर्वांत जुनी व सोशिक मानलेली जाति म्हणजे खासी टेकड्यांतील इन्सिग्ने. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख डॉ. वॉलिच ह्यांच्या काळांत, 1820 च्या सुमारास, ती विलायतेस पोंचली. तिचें फूल हिरवट पिवळें, वर तपकिरी ठिपक्यांचें, आणि आठवडेच्या आठवडे टिकणारें असतें.

ही वनस्पति आपल्या टेकडीवर कशी राहते हें समजल्यावांचून कुंडी भरूं नये. चुनखडीच्या कड्यांवर, कुजलेल्या पाल्याच्या पातळ थरांत तिचीं मुळें पसरलेलीं असतात. पाऊस अतोनात, चेरापुंजीस वर्षास 10,000 मिलीमीटरांहून अधिक, तर आपल्या वाशीम जिल्ह्यांत 800 च्या आसपास. हे आंकडे ऐकून मुलें म्हणतील कीं मग आपल्याकडे हें रोप तहानेनें मरत असेल. बहुधा उलट घडतें. तें पाण्यानें मरतें. कड्यावर पडलेलें पाणी तत्काळ वाहून जातें, आणि ओल्या मुळांभोंवतीं हवा खेळत राहते. आपली काळी माती भिजली म्हणजे फुगते, तिचीं छिद्रें मिटतात, मुळांस प्राणवायु मिळत नाहीं व तीं कुजतात. कपाशीस जी माती आई, तीच ह्या रोपास मारक. दुसरी अडचण अशी कीं, पुष्कळ ऑर्किडांच्या खोडांस पाणी सांठविणाऱ्या गांठी असतात, तशा ह्यास नाहींत. तेव्हां तें अगदीं कोरडें पडूं देतां येत नाहीं आणि चिंब ठेवतांहि येत नाहीं. सारें कौशल्य ह्या दोहोंच्या मध्यें आहे.

म्हणून कुंडी मातीची, लहान, सुमारें 12 सेंटिमीटर तोंडाची घ्यावी, आणि तळाचें भोंक मोठें असावें. तळाचा चौथा हिस्सा खापऱ्यांनीं भरावा. वर बोराएवढे विटेचे तुकडे, धुतलेला लाकडी कोळसा, झाडाची वाळलेली साल व नारळाच्या काथ्याचे तुकडे मिसळून घालावे. काथ्यांत मीठ असतें. तो दोनतीन वेळां पाणी बदलून भिजवल्यावांचून वापरूं नये. मूठभर चांगलें कुजलेलें पालाखत व चिमूटभर शिंपल्यांचा चुरा पुरे. शेणखताचा मोह टाळावा. कुंडी तयार झाली कीं परीक्षा सोपी आहे: पेलाभर पाणी ओतून अंक मोजावेत, दहा म्हणण्याच्या आंत पाणी तळांतून वाहूं लागलें पाहिजे. न लागल्यास पुन्हां भरावी.

पाणी सकाळीं घालावें व पानांच्या मधल्या पोंगळींत सांठूं देऊं नये. तेथें रात्रभर पाणी राहिल्यास गाभा सडतो. पावसाचें पाणी रांजणांत धरून ठेवितां आलें तर उत्तम. चुना ह्या जातीस सोसतो, परंतु आपल्या कित्येक विहिरींच्या पाण्यांतील इतर क्षार सोसत नाहींत. कुंडीच्या कांठावर पांढरी बुरशी नव्हे तर पांढरी खार चढली, कीं तें ओळखावें. ऊन थेट लागूं देऊं नये. पान गर्द काळपट हिरवें झालें तर उजेड कमी आहे, पिवळट झालें तर अधिक आहे.

खरी कसोटी उन्हाळ्याची. तीस-बत्तीस अंशांपलीकडील उष्णता ह्या रोपास मानवत नाहीं, आणि आपल्याकडे पारा 44 ला टेकतो. घरांत अशा वेळीं सर्वांत गार जागा कोणती, हें गृहिणीस पुस्तकापेक्षां अधिक ठाऊक असतें: जेथें पिण्याच्या पाण्याचा रांजण पाझरत असतो ती. उत्तरेच्या ओसरीवर रांजणाशेजारीं, ओल्या वाळूच्या परातींत दोन विटा मांडून त्यांवर कुंडी ठेवावी, म्हणजे तळ पाण्यांत बुडणार नाहीं, आणि भोंवतीं गोणपाट ओलें ठेवावें. एवढें करूनहि रोप वांचेलच असें वचन आम्ही देत नाहीं. हिवाळा मात्र वऱ्हाडचा अनुकूल आहे. रात्री गार झाल्यावांचून इन्सिग्नेस कळी धरत नाहीं, आणि किनाऱ्यावरील मुंबईकरांस जी थंडी दुर्मिळ ती आपल्याकडे कार्तिकापासून फुकट मिळते. पानांचा एक झुबका एकदांच फुलतो; पुढचें फूल बाजूस फुटणाऱ्या नव्या झुबक्यास येतें. म्हणून फुलून गेलेला झुबका निरुपयोगी समजून कापूं नये. नव्याचें पोषण तोच करीत असतो.

रोप आणावयाचें कोठून, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ऑर्किडाचें बीं धुळीसारखें सूक्ष्म असून त्यांत अन्नाचा सांठा जवळजवळ नसतो. निसर्गांत तें एका बुरशीच्या साह्यानेंच रुजतें, हें नोएल बर्नार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें 1899 सालीं ओळखलें. 1922 सालीं अमेरिकेंत लुईस नड्सन ह्यानें बुरशीवांचून, साखर मिसळलेल्या पोषकद्रव्यावर कांचेच्या बाटलींत बीं रुजविण्याची रीत प्रसिद्ध केली. तरी पादुकापुष्पाच्या बियापासून फूल येण्यास वर्षेंच्या वर्षें लागतात. रानांतून उपटलेलें रोप मात्र एका दिवसांत बाजारांत येतें, आणि मोह येथेंच आहे. फेअरियॅनम नांवाची जाति 1857 सालीं विलायतेंत फुलली, पुढें बागांतून नाहींशी झाली, आणि ती पुन्हां शोधणारास सँडर नांवाच्या व्यापाऱ्यानें 1,000 पौंडांचें बक्षीस लाविलें. 1905 च्या सुमारास भूतानच्या बाजूस ती सांपडली, आणि लगोलग तिचे ढीगच्या ढीग जहाजांतून रवाना झाले. ड्रुरीच्या जातीची अगस्त्यमलैवर आज जी दुर्मिळता आहे तिचें एक मोठें कारण हीच लूट होय.

म्हणूनच 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत 1991 सालीं दुरुस्ती होऊन कांहीं वनस्पतींस संरक्षण मिळालें. त्यांत सर्व पॅफिओपेडिलम आहेत. रानांतून त्या उपटणें गुन्हा आहे. इतकेंच नव्हे, परवान्यावांचून त्यांची लागवड व विक्रीहि करतां येत नाहीं. पालकांनीं मुलाच्या हट्टाखातर वाटेवरच्या विक्रेत्याकडून असें रोप घेऊं नये. परवाना असलेल्या रोपवाटिकेकडूनच घ्यावें, कागद मागावा, आणि आधीं वनखात्याच्या कचेरींत विचारावें.

तोंवर हात बसण्यास आपल्या वऱ्हाडांतच एक ऑर्किड आहे. आंब्याबाभळींवर जाड, पन्हळीसारखीं पानें व दोरखंडासारखीं पांढुरकीं मुळें असलेलें जें रोप दिसतें, तेंच वँडा. उन्हाळ्याच्या सुमारास त्यास पिवळसर, तपकिरी जाळीचीं सुगंधी फुलें येतात, ओठ जांभळा. लोक त्यास बांडगूळ समजून ओरबाडतात. बांडगूळ झाडाचा रस पितें. हें केवळ झाडावर बसतें. ह्या घोटाळ्यांत नांवाचाहि हात आहे, कारण वँडा हा शब्द विल्यम जोन्सनें संस्कृतांतील ‘वंदा’ ह्यावरून घेतला, आणि वंदा म्हणजे परवृक्षावर उगवणारें. आमच्या अर्थानें काटक तें हेंच. वैशाखांतल्या 44 अंशांत तें उघड्या फांदीवर हिरवें राहतें.

झाडावरील रोप काढूं नये. वादळानें आपल्या शेतांतील फांदी मोडून पडली, तर तिच्यासह आलेलें रोप घ्यावें. कुंडींत केवळ विटांचे तुकडे व कोळसा घालून त्यावर तें सुतळीनें बांधावें, माती मुळींच घालूं नये, आणि कुंडी निंबाच्या विरळ सावलींत टांगावी. मुळें कोरडीं असतां पांढरीं दिसतात व पाणी लागतांच हिरवीं होतात. पुन्हां पांढरीं झालीं कीं पाणी द्यावें. मृगाच्या पावसानंतर मुळांच्या टोंकांशीं हिरवा, चकचकीत ठिपका दिसूं लागला, म्हणजे रोपानें जीव धरला असें समजावें.