फ्री डिशवरील चित्र गेल्यास काय करावे?

डीडी किसान व सह्याद्री या वाहिन्या डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काशिवाय दिसतात. ऐन पेरणीत हवामानाचा अंदाज पाहावा, तर पडद्यावर ‘सिग्नल नाही’! अशा वेळी लगेच तबकडी हलवू नये.

१) बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलच्या दोन पट्ट्या पाहाव्यात. दोन्ही शून्य असल्यास दोष बहुधा वायरीत किंवा एलएनबीत असतो. बॉक्सचा प्लग काढून जोड तपासावेत. गंजलेली पिन बदलावी.

२) स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी शून्य असल्यास समोर झाडाची फांदी आली आहे किंवा तबकडी वाऱ्याने फिरली आहे, असे समजावे. बीडहून जीसॅट-१५ उपग्रह आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर आहे. मात्र तबकडीचा तोंडवळा त्याहून खाली दिसतो. नट सैल करून तबकडी अगदी थोडी सरकवावी, क्षणभर थांबावे व क्वालिटी वाढताच नट आवळावा.

मुसळधार पावसात गेलेले चित्र पाऊस ओसरताच परत येते. त्यासाठी विजा कडाडत असताना माळवदावर मुळीच चढू नये.