न पाहिलेल्या वस्तूचा सौदा : ऑनलाइन खरेदी आणि आपली अमानत



सूरह निसाच्या 29 व्या आयतीत ईमानधारकांना परस्परांची संपत्ती अवैध मार्गाने खाण्यास मनाई केली असून, उभयपक्षी राजीखुशीने होणारा व्यापार तेवढा वैध ठरविला आहे. बाजार चौकात भरो वा मोबाईलच्या पडद्यावर, शरीअतचा प्रश्न एकच असतो : देणारा आणि घेणारा दोघेही खऱ्या माहितीच्या आधारे राजी आहेत काय?

प्रथम हा व्यवहार समजून घ्या. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा मीशोवर आपण वस्तू मागवितो, तेव्हा प्रत्यक्ष विकणारा बहुधा कोणी वेगळाच व्यापारी असतो. संकेतस्थळ दोघांची गाठ घालून देते आणि त्याबद्दल विक्रेत्याकडून कमिशन वा अन्य शुल्क घेते. माल गोदामातून कुरिअरमार्फत घरी येतो. अशा रीतीने एका सौद्यात चार हात गुंतलेले असतात आणि चौघांवरही अमानतीची जबाबदारी असते.

वस्तू न पाहता केलेला सौदा वैध आहे काय? प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले, तेव्हा तेथील लोक फळांसाठी दोन-दोन, तीन-तीन वर्षे आधी पैसे देत असत. प्रेषितांनी (स.) ही रीत बंद केली नाही, माप, वजन आणि मुदत निश्चित असावी, ही अट घातली. फिकहमध्ये यास 'सलम' म्हणतात. हनफी फिकहनुसार न पाहिलेली वस्तू घेणाऱ्यास ती पाहिल्यावर सौदा मोडण्याचा अधिकार असतो. त्यास 'खियार-ए-रूयत' म्हणतात. शाफई फिकहमध्ये वस्तूच्या स्पष्ट वर्णनावर अधिक भर आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई असल्याने, तपशिलासाठी त्यांनी आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

आता विक्रेत्याचे कर्तव्य पाहा. आज आपल्या कितीतरी भगिनी घरबसल्या व्हॉट्सॲपवरून कपडे, मसाले, अत्तरे विकतात. हा हलाल रोजीचा उत्तम मार्ग आहे. मात्र हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) जवळ नसलेली वस्तू विकण्यास मनाई केली होती. म्हणून दुसऱ्याच्या मालाचे छायाचित्र लावून तो आपलाच असल्याप्रमाणे विकू नये. एकतर माल आधी ताब्यात घ्यावा, अथवा मूळ व्यापाऱ्याचे प्रतिनिधी म्हणून ठरलेली दलाली घ्यावी. धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी (स.) आतला ओलावा उघड केला होता आणि फसविणारा आपल्यापैकी नव्हे, असे बजावले होते. रंग खुलवून काढलेले छायाचित्र ही आजची वरून कोरडी दिसणारी रास होय. विकत घेण्याचा हेतू नसताना बोली वाढविण्यास, म्हणजे 'नजश'ला, हदीसमध्ये मनाई आहे. पैसे देऊन लिहवून घेतलेले खोटे अभिप्राय हे त्याचेच भावंड समजा.

ग्राहकाचेही कर्तव्य तितकेच मोठे आहे. ईदसाठी पोशाख मागवावा, नमाजला आणि दावतीला तो मिरवावा, मग माप चुकल्याचे कारण देऊन परत पाठवावा. याला चतुराई म्हणता येईल काय? हा खोटेपणा आहे आणि दुसऱ्याच्या मालाचा फुकट उपभोगही. त्याचा भुर्दंड अनेकदा एखाद्या लहान विक्रेत्यावर पडतो. मळलेला पोशाख त्याला नव्या भावाने विकता येत नाही. सूरह मुतफ्फिफीनमध्ये स्वतः घेताना पुरेपूर मापून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांचा धिक्कार आहे. तो इशारा तराजूच्या दोन्ही बाजूंना लागू पडतो. वस्तू खरोखर सदोष असेल, तर परत करणे हा आपला हक्क आहे. आणि पस्तावलेल्या ग्राहकाचा सौदा खुशीने परत घेणाऱ्या विक्रेत्यास हदीसमध्ये अल्लाहच्या क्षमेची शुभवार्ता आहे.

हप्त्यांची योजना स्वीकारण्यापूर्वी करार वाचा. मुदत चुकल्यास व्याज देण्याची अट असेल, तर त्यापासून दूर राहा. घड्याळ मागे पळवून 'शेवटची संधी' दाखविणाऱ्या जाहिरातीपुढे क्षणभर थांबा आणि ही वस्तू गरजेची आहे काय, ते स्वतःला विचारा.

मोहल्ल्यातील दुकानदारालाही विसरू नका. स्वस्त मिळेल तेथून घेण्यास बंदी नाही. परंतु त्याच्याकडे दहा जोड पायात घालून पाहायचे आणि मागणी मोबाईलवर नोंदवायची, हे शेजारधर्मास शोभत नाही. अडचणीच्या दिवसांत उधारीची वही तोच उघडतो.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आहे. त्याच सावधपणाने बिल आणि संदेश जपून ठेवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. हक्क मागणे सब्रच्या विरुद्ध नाही.

पडद्याआडचा ग्राहक विक्रेत्यास दिसत नाही, विक्रेता ग्राहकास दिसत नाही. अल्लाह मात्र दोघांनाही पाहत आहे. तो आपल्या देण्याघेण्यात सचोटी आणि रोजीत बरकत देवो. आमीन.