इंटरनेटवरील फाईल परस्पर ड्राइव्हमध्ये कशी ठेवावी

एखादा नकाशा वा तक्ता इंटरनेटवर असतो व तो शाळेच्या संग्रही असावा, असे शिक्षकास वाटते. तो प्रथम फाईल संगणकावर उतरवून घेतो व मग ती गूगल ड्राइव्हवर चढवितो. ४० एमबीची फाईल अशा रीतीने एकदा गावात येते व पुन्हा गावाबाहेर जाते. जेथे रेंज क्षीण, तेथे हा दुहेरी प्रवास पुष्कळदा अर्ध्यावरच तुटतो.

तो टाळता येतो. गूगलच्या ‘ॲप्स स्क्रिप्ट’मध्ये लिहिलेला प्रोग्राम शाळेच्या संगणकावर नव्हे, तर गूगलच्या संगणकांवर चालतो. गावातून जाते ती केवळ आज्ञा. फाईल परस्पर ड्राइव्हमध्ये पोहोचते.

रीत : संगणकावर ड्राइव्ह उघडून ‘नवीन’, ‘आणखी’ व ‘गूगल ॲप्स स्क्रिप्ट’ असे क्रमाने निवडावे. प्रोग्रामच्या पायऱ्या तीन आहेत.

१. ‘यूआरएलफेचॲप’च्या ‘फेच’ या आज्ञेस फाईलचा पत्ता द्यावा.
२. आलेल्या उत्तरातून ‘गेटब्लॉब’ने फाईल वेगळी काढावी.
३. ‘ड्राइव्हॲप’च्या ‘क्रिएटफाईल’ने ती ड्राइव्हमध्ये ठेवावी.

आज्ञांची नावे रोमन लिपीत, लहानमोठी अक्षरे सांभाळून लिहावीत. प्रथम चालविताना परवानगी विचारली जाते. पत्त्यांची यादी दिल्यास याच पायऱ्या प्रत्येक पत्त्यासाठी क्रमाने करविता येतात. मात्र ५० एमबीहून मोठी फाईल या रीतीने येत नाही व प्रोग्रामची एक फेरी सहा मिनिटांहून अधिक चालत नाही.

दक्षता : यंत्र आज्ञा पाळते, पारख करीत नाही. दिलेला पत्ता फाईलचा नसून ती जेथे दाखविली आहे त्या पानाचा असेल, तर ते पानच निमूटपणे जतन होते. शिक्षकास हे कळते ते वर्गात, मुले नकाशाची वाट पाहत असताना. प्रोग्राम दोनदा चालविल्यास एकाच नावाच्या दोन प्रती होतात. म्हणून फाईलचे नाव व आकार पाहावा आणि पाठाच्या आदल्या दिवशी ती एकदा उघडून पाहावी. ज्या फाईलची प्रत घेण्यास मोकळीक आहे, तीच घ्यावी.

स्वाध्याय : एका लहान चित्राचा पत्ता देऊन प्रोग्राम चालवावा. नंतर ते चित्र ज्या पानावर आहे, त्या पानाचा पत्ता द्यावा व ड्राइव्हमध्ये आलेल्या दोन्ही फाईली उघडून त्यांतील भेद पाहावा.