संगणक बॅकअपवरून उभा केला, पण ब्राउझर कोरा का?



गळीत हंगाम आटोपला की आमच्या शेतकी गट कार्यालयात उसाखेरीज दुसऱ्याही चौकशा येतात. त्यातली अलीकडची नेहमीची एक अशी : घरचा संगणक बिघडला, बॅकअपवरून पुन्हा उभा केला, पण ब्राउझर उघडला तर बुकमार्क नाहीत, पासवर्ड नाहीत, सगळी पाटी कोरी. ठिबकच्या अनुदानाचा महाडीबीटीवरचा अर्ज, बँक, मुलांची शिष्यवृत्ती ही सगळी खाती ज्या घरात एकाच संगणकावर चालतात, तिथं ही अडचण लहान नाही. पासवर्ड विसरला तर ओटीपी मागवता येतो हे खरं. पण खात्याला जोडलेलं सिमच बंद पडलेलं असेल तर ओटीपी यायचा कुठं? अशा वेळी ब्राउझरात साठवलेला पासवर्ड हाच आधार राहतो.

म्हणून पहिली सूचना : काहीही पुसू नका. माहिती बहुधा गेलेली नसते. ती संगणकातच असते, ब्राउझर मात्र दुसऱ्या जागी बघत असतो.

हे कसं होतं ते फायरफॉक्सच्या उदाहरणावरून पाहू. आपले बुकमार्क, इतिहास, पासवर्ड हे सारं फायरफॉक्स एका फोल्डरमध्ये ठेवतो. त्याला प्रोफाइल म्हणतात. कोणतं प्रोफाइल उघडायचं याची नोंद मात्र वेगळ्या लहानशा फाइलमध्ये असते, तिचं नाव प्रोफाइल्स डॉट आयएनआय. आपल्या भाषेत सांगायचं तर ऊस रानात उभा आहे, पण नोंदवहीत गट नंबर भलताच पडलाय. टोळी मोकळ्या रानात जाऊन उभी राहते आणि म्हणते, ऊसच नाही. तिथं ऊस पुन्हा लावत बसायचं नसतं, नोंद दुरुस्त करायची असते.

नोंद चुकायचं मोठं कारण असं. मे २०१९ मध्ये फायरफॉक्सची ६७ वी आवृत्ती आली, तेव्हापासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं वेगळं प्रोफाइल मिळतं. संगणक उभा करताना फायरफॉक्स नव्यानं टाकला आणि तो आधीपेक्षा वेगळ्या फोल्डरमध्ये बसला (पूर्वी ३२ बिटचा होता, आता ६४ बिटचा टाकला, असंही होतं), की तो स्वतःला नवा समजतो आणि कोरं प्रोफाइल काढून बसतो. जुनं शेजारीच पडून असतं.

ते शोधायला पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीतून अबाउट, मग कोलनची दोन टिंबं, मग प्रोफाइल्स असं जागा न सोडता टाइप करून एंटर दाबा. संगणकावरच्या सगळ्या प्रोफाइलची यादी येईल. प्रत्येकाखाली ते नव्या खिडकीत उघडायचं बटण असतं. एकेक उघडून बघा. ज्यात आपले बुकमार्क दिसतील त्याच्याखालचं ‘सेट ॲज डिफॉल्ट प्रोफाइल’ हे बटण दाबा. बहुतेकांचं काम इथंच होतं. शेजारीच ‘रिमूव्ह’चं बटण आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. ते फाइली पुसू का असं विचारतं, आणि घाईत माणूस हो म्हणून बसतो.

जुनं प्रोफाइल यादीत नसेल तर फोल्डर हातानं शोधावा लागेल. विंडोजमध्ये सी ड्राइव्ह, युजर्स, आपलं नाव, ॲपडेटा, रोमिंग, मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स अशी ती वाट आहे. ॲपडेटा हा फोल्डर लपवलेला असतो. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘हिडन आयटम्स’वर खूण केली की दिसतो. तिथं नसेल तर बॅकअपच्या डिस्कवर हीच वाट धरून बघा. सापडलेल्या फोल्डरची आधी एक प्रत पेनड्राइव्हवर काढा. मग त्याच यादीच्या पानावर नवीन प्रोफाइल तयार करायला घ्या आणि फोल्डर निवडा असं आलं की हा जुना फोल्डर दाखवा. फाइली इकडून तिकडं करताना फायरफॉक्स पूर्ण बंद असला पाहिजे. नुसती खिडकी बारीक करून चालत नाही.

पासवर्डचं एक लक्षात घ्या. ते दोन फाइलींत असतात : लॉगिन्स डॉट जेसन आणि की-४ डॉट डीबी. एकीत कुलूप घातलेले पासवर्ड, दुसरीत किल्ली. दोन्ही एकाच वेळच्या बॅकअपमधल्या पाहिजेत. एक आजची नि एक गेल्या वर्षीची घेतली तर उपयोग होईलच असं नाही. बुकमार्क तेवढे हरवले असतील तर प्रोफाइलमध्येच ‘बुकमार्कबॅकअप्स’ नावाचा फोल्डर बघा, त्यात तारीखवार प्रती असतात. त्यांतली प्रत परत घेताना आत्ताचे बुकमार्क जाऊन त्या जागी जुने येतात, हे ध्यानात असू द्या.

आता दोन संदेशांविषयी. फायरफॉक्स आधीच चालू आहे असं तो सांगतो आणि खिडकी तर कुठंच दिसत नाही, तेव्हा टास्क मॅनेजरमधून तो बंद करावा. तरी ऐकत नसेल तर प्रोफाइलमधली पॅरेंट डॉट लॉक ही फाइल काढावी. पुसायची परवानगी एवढ्या एकाच फाइलीची. दुसरा संदेश : तुम्ही फायरफॉक्सची जुनी आवृत्ती सुरू केली आहे. बॅकअपमधून आलेला फायरफॉक्स जुना आणि प्रोफाइल त्याहून नव्या आवृत्तीत वापरलेलं, असं झालं की हा येतो. तिथं नवीन प्रोफाइल करा असा पर्याय पुढं येतो, तो घेऊ नका. बाहेर पडा, फायरफॉक्सची ताजी आवृत्ती टाका, मग उघडा.

क्रोम वापरणारांची गोष्ट थोडी वेगळी. त्याचा फोल्डर ॲपडेटामध्येच, पण रोमिंगऐवजी लोकलमध्ये असतो. विंडोज नव्यानं टाकून त्यात जुना फोल्डर आणून ठेवला तर बुकमार्क येतात, पासवर्ड मात्र उघडत नाहीत, कारण त्यांची किल्ली जुन्या विंडोजमधल्या आपल्या खात्याशी बांधलेली असते. सबंध डिस्कचा बॅकअप त्याच संगणकावर परत घेतला असेल तर सहसा ही अडचण येत नाही. गूगल खात्याशी सिंक चालू असेल तर पासवर्ड तिथून येतील. नसेल, तर आहे त्या चालू संगणकातून आजच पासवर्ड निर्यात करून ठेवा. ती निर्यातीची फाइल उघडी असते, कोणीही वाचू शकतो. काम होताच ती पुसावी.

बॅकअप घेताना नुसतं डॉक्युमेंट्स नि डेस्कटॉप घेऊन भागत नाही, ॲपडेटा हा फोल्डरही निवडावा. दुकानदाराकडून बॅकअप करून घेत असाल तर त्याला हे स्पष्ट सांगा, ॲपडेटा घेतलाय का ते विचारा, आणि परत आल्यावर स्वतः उघडून बघा.

एवढं करूनही अडलं तर गट कार्यालयात दुपारनंतर यावं. येताना ब्राउझरचं नाव, पडद्यावर आलेला संदेश आणि प्रोफाइल फोल्डरांच्या तारखा कागदावर लिहून आणाव्यात. पासवर्ड मात्र आम्हाला सांगू नयेत.