अधांतरी थेंब : वजन आणि विद्युत्‌बल यांचा तोल

बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. येथील हिवाळ्यातील कोरडी हवा पुढील प्रयोगास अनुकूल होय.

साहित्य : प्लॅस्टिकचा कंगवा, कागदाचे बारीक कपटे.

कृती : तेल न लावलेल्या कोरड्या केसांवरून कंगवा दहा-बारा वेळा फिरवावा व सावकाश कपट्यांजवळ आणावा. कपटे उडून त्यास चिकटतात. सबंध पृथ्वी कपट्यास खाली ओढीत असता एवढासा कंगवा तिच्यावर मात करतो, हे मुलांच्याच तोंडून वदवावे.

विवेचन : ‘कपटा मध्येच अधांतरी का राहत नाही?’ असे एखादे मूल विचारील. तो प्रश्न दडपू नये. कपटा जवळ येताच कंगव्याची ओढ वाढते, वजन मात्र तेवढेच राहते. म्हणून तोल टिकत नाही. अमेरिकेत रॉबर्ट मिलिकन यांनी १९०९ पासून दोन समांतर धातुपट्टांमध्ये तेलाचे विद्युत्‌भारित सूक्ष्म थेंब सोडून हा तोल साधला. पट्टांमधील विद्युत्‌बल सर्वत्र सारखे असते. ते थेंबाच्या वजनाइतके केले की थेंब अधांतरी थांबतो. वजनास विद्युत्‌क्षेत्राने भागले असता थेंबावरील भार मिळतो. प्रत्येक भार एकाच लहानतम भाराच्या पटीत आढळला. तोच इलेक्ट्रॉनचा भार. मिलिकन यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सूचना : पावसाळ्यातील दमट हवेत कंगव्यावरील भार टिकत नाही व प्रयोग फसतो. अशा वेळी ‘पुस्तकात आहे म्हणून खरे’ असे सांगून शिक्षकांनी वेळ निभावून नेऊ नये. फसण्याचे कारण मुलांसह शोधावे. तोही विज्ञानाचाच पाठ होय.