सात फुटांची फळी आणि आपोआप लागणारं दार

गुहागरजवळच्या आमच्या घराची वाटणी झाली, तेव्हा ओटीवरचा झोपाळा माझ्या वाट्याला आला. सागाची अखंड फळी, सात फूट लांब, दोन फूट रुंद, दोन इंच जाड. तिला चार पितळी कड्या, मधे मधे पोपट आणि हत्ती गुंफलेल्या. आजोबा दुपारी त्यावर बसून पंचांग चाळायचे आणि आम्ही पोरं त्यांच्या पायाशी लोंबकळायचो. ही फळी पुण्याला आणायची ती आपल्याच गाडीतून, असं मी ठरवून टाकलं होतं. गाडी नवी होती, सात आसनांची. बटण दाबलं की मागचं दार आपोआप वर जायचं, किल्ली खिशात ठेवून बंपरखाली पाय हलवला तरी उघडायचं. ‘यात काहीही मावतं,’ असं मी येईल त्याला सांगत असे.

त्या प्रवासात आणि त्याच्या आगेमागे जे शिकलो, ते लिहून ठेवतो आहे.

१. डिकी आतून मोजून काही कळत नाही, मोजायचं असतं ते तिचं तोंड. माझी ही चूक झोपाळ्याच्याही आधीची. पुण्यातच एक पुस्तकांचं कपाट आणायला गेलो होतो. आसनं पाडून आतली लांबी टेपने मोजली, कपाटाची मोजली, चार बोटं जागा उरत होती. कपाट आत गेलं, मी बटण दाबलं आणि दुकानदाराला पैसे द्यायला वळलो. मागून आवाज आला. खाली, तळाशी, चार बोटं जागा होतीच. पण मागचं दार वरच्या बाजूला आत कललेलं असतं, हे मी धरलंच नव्हतं. कपाटाचा वरचा कोपरा काचेच्या वाटेत उभा होता. ही काच मोठ्या तुकड्यांत फुटत नाही, साबुदाण्यासारखी सांडते. पुढे कित्येक महिने आसनांच्या फटीतून तिचे दाणे निघत होते. सुतार सुतात मोजतो ते उगाच नाही. आता मी तीन ठिकाणी टेप लावतो: दाराच्या तोंडाची रुंदी, चाकांवरच्या उंचवट्यांमधली जागा, आणि जिथे काच येऊन टेकते तिथपर्यंतची लांबी. वर, खाली नाही.

२. हाताला जे आधी कळतं, ते मोटारीला उशिरा कळतं. जुन्या गाडीचं दार मी हाताने लावायचो. काही आडवं आलं की तळव्याला ते लगेच जाणवायचं आणि हात थांबायचा. या दाराच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांत मोटार, स्क्रू आणि स्प्रिंग असते. अडथळा आला की मोटारीवर ताण येतो, तो गाडीला समजतो आणि दार उलटं फिरतं. चांगली सोय आहे, तिने माणसांची बोटं वाचतात. पण ताण येण्यासाठी आधी दार कशाला तरी टेकावं लागतं, आणि ते ‘कशाला तरी’ काच असेल तर ती तोवर गेलेली असते. शिवाय अगदी शेवटी, कुलूप दाराला आत ओढून घेतं तेव्हा, मधे आलेली वस्तू ओळखली जाईलच असं नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत हे स्पष्ट छापलं आहे. ती पुस्तिका मी काच फुटल्यावर उघडली.

३. किल्ली खिशात असताना आपण स्वतःच एक बटण असतो. हे मला आमच्या अंगणात समजलं, आणि आजही आठवलं की छातीत धस्स होतं. फळीचं एक टोक मी धरलेलं, दुसरं दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या चुलतभावाने. धाकटे काका मधे वाकून डिकीत अंथरलेली गोधडी सारखी करत होते. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, पण गप्प बसवत नाही. फळी जड, म्हणून पाय रोवायला मी उजवं पाऊल बंपरखाली सरकवलं. दोन वेळा पीप पीप झालं. दादाला वाटलं फोन वाजला, मला काहीच वाटलं नाही. मग दार खाली येऊ लागलं. सावकाश, अगदी सभ्यपणे. काकांचा पंजा फळीच्या कडेवर होता. दोघांचेही हात गुंतलेले, मी नुसता ओरडलो. दार फळीला लागलं, क्षणभर थांबलं आणि परत वर गेलं. काकांच्या बोटांपासून ते वीतभरावर टेकलं होतं. ते म्हणाले, ‘अरे, दार लावायची एवढी घाई कुणाला झाली?’ घाई कुणालाच नव्हती. पाय हलला आणि गाडीने हुकूम समजून तो पाळला. फळीच्या कडेवर दाराचा व्रण आहे, दोन सूत खोल.

त्यानंतर मी किल्ली वहिनीकडे दिली, तिला ओटीवर बसवलं आणि मगच फळीला पुन्हा हात लावला. गाडीच्या पडद्यावर त्या दाराची मोटार बंद करण्याची सोय आहे, हे दादाच्या मुलाने पाच मिनिटांत शोधून दाखवलं. तोवर आठ महिने ती गाडी मी वापरत होतो.

४. अर्धा फूट बाहेर राहतो, तेव्हा माणूस स्वतःशी फार गोड बोलतो. पुढच्या आसनांच्या पाठीपर्यंत जागा साडेसहा फूट आणि फळी सात फूट. मी म्हटलं, दार उघडं ठेवून दोरीने बांधू, लाल फडकं लावू, हळू जाऊ. दादाने सरळ नाही म्हणून सांगितलं, आणि त्याचं बरोबर होतं. दार वर राहिलं की नंबरप्लेट आभाळाकडे बघते. काही गाड्यांचे मागचे दिवे दारावरच असतात, म्हणजे ब्रेक लावलेला मागच्याला दिसतच नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून माल ठरलेल्या मर्यादेबाहेर, मागे किंवा बाजूला, काढून गाडी चालवली तर वीस हजार रुपये दंड आहे.

पण मला खरी भीती बसली ती धुराची. पळत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर उघड्या दारातून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आदल्या दिवाळीत एक शिडी अशीच डिकी उघडी ठेवून मी घरी आणली होती आणि मागच्या आसनावर आई बसली होती. घरी पोचल्यावर ती म्हणाली, डोकं जड झालंय, जरा पडते. मी म्हटलं, उन्हाने असेल. हे वाक्य मी माझं मलाच माफ केलेलं नाही. एखादी वस्तू दार लावून आत मावत नसेल, तर ती माझ्या गाडीत मावत नाही, एवढाच हिशेब आता मी ठेवतो.

५. जड वस्तू जागची हलत नाही, हा माझा लहानपणापासूनचा समज कुंभार्ली घाटात मोडला. फळी शेवटी आत बसली होती. डावीकडची सगळी आसनं पाडली, पुढच्या आसनाची पाठ पार मागे टेकवली आणि फळीचं टोक त्या पाठीवर ठेवलं. दार पहिल्यांदा हाताने लावून बघितलं, लागलं. फळीच्या शेजारी कुणी बसायचं नाही, असं दादाने बजावलं, म्हणून बायको आणि मुलगी एसटीने पुढे गेल्या. सागाचं वजन घनफुटाला साधारण अठरा किलो धरलं, तर आमची फळी चाळिशीच्या पुढे भरते. एवढी जड वस्तू कुठे जाते, म्हणत मी बांधायला निघालो तो फक्त पुढच्या बाजूने, ब्रेक लागला तर पुढे येऊ नये म्हणून. दादाने ती काथ्याच्या दोरीने चारी बाजूंनी, गाडीतल्या लोखंडी कड्यांना बांधून दिली. गाडी ताशी साठच्या वेगाने जात असली, की सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते; आतली फळीही तितकीच जाते, आणि गाडी थांबली म्हणून ती थांबत नाही.

झोपाळ्याच्या कड्या मात्र मी गोणपाटात घालून मागे तशाच ठेवल्या. चिपळूण सोडलं आणि चढण लागली. चढणीला माल मागे सरकतो, ही साधी गोष्ट मला तोवर सुचली नव्हती. प्रत्येक वळणावर पितळ खणखणत दाराकडे जात होतं. घाट संपला, कोयनानगरला चहाला थांबलो, पाणी काढायला म्हणून मागचं दार उघडलं आणि पंधराएक किलोचं गोणपाट माझ्या पावलाशेजारी आदळलं. दारामागे टेकून बसलेला माल सहज दिसत नाही. म्हणून आता चढावर किंवा उतारावर मी ती डिकी उघडत नाही, आणि सपाटीवरही आधी काचेतून आत डोकावतो.

गोणपाट उचलून पुढच्या रिकाम्या आसनावर ठेवलं. पाटणच्या रस्त्याला लागलो तर गाडी टणटण करायला लागली. शेजारी माणूस बसलाय आणि पट्टा लावलेला नाही, असं तिचं म्हणणं. पुन्हा थांबलो, आजोबांच्या झोपाळ्याच्या कड्यांना पट्टा लावला. खट् आवाज आला आणि टणटण बंद झाली. उंब्रजपर्यंत मी रेडिओ लावला नाही.

६. गाडीचा अभिमान वस्तूच्या अंगावर काढू नये. घरातला पेटारा त्याच खेपेत आणायचा माझा हट्ट होता. तो महिन्याने टेम्पोने आला. छोटा हत्ती, २००५ साली टाटांनी आणलेली तीच लहान मालवाहू गाडी. चिपळूणच्या टेम्पोवाल्याने पेटाऱ्याभोवती एकदा फेरी मारली, हाताने हलवून बघितला, खाली गोणपाट घातलं आणि दोरी अशी मारली की पुण्यात एका झटक्यात सुटली, पण वाटेत सुतभर सैल झाली नव्हती. मोजायला त्याने टेप काढलाच नाही. त्याची फेरी हीच त्याची मोजणी. भाडं मला जास्त वाटलं होतं. मागची काच बदलायला त्याच्या दुपटीहून जास्त लागले होते, हे मी त्याला सांगितलं नाही.

७. झोपाळा आता पुण्याच्या घरात टांगला आहे. मुलगी आणि तिच्या मैत्रिणी त्याच्यावर लोंबकळतात. सुताराने तो व्रण रंधून काढू का विचारलं, मी नको म्हटलं. काकांचा हात त्याच्या वीतभर अलीकडे होता, आणि तेवढी जागा मला रोज दिसायला हवी आहे.

तुमच्या गाडीला असं आपोआप लागणारं दार असेल, तर त्याची मोटार बंद कुठून करायची, ते आजच शोधून ठेवा. आणि सामान चढवताना किल्ली, हातात सामान नसलेल्या माणसाकडे, गाडीपासून लांब देऊन ठेवा.