नाममुद्रेची साक्ष

अभंग रचण्याची आवड असणाऱ्या भाविकांपुढे आम्ही आज आमच्याच फजितीचा पाठ ठेवतो.

आमचे अध्ययन पाठशाळेत झाले. अमरकोश मुखोद्गत, त्यामुळे अभंग जुळवणे सोपे वाटे. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या खंडास यमक. एवढे साधले की झाले!

एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास पाथर्डीस कीर्तन होते. ऊसतोडीला निघणारी मंडळी समोर बसलेली. आम्ही स्वतःचा अभंग म्हटला. त्यात 'भवदावानल', 'कृपाघन' अशी समासांची रांग. कीर्तन संपल्यावर एक म्हातारी पाया पडून म्हणाली, "महाराज, चाल लई ग्वाड हुती. पर देवाला मागितलं काय तुमी?" आम्हाला उत्तर सुचेना. मागितले काहीच नव्हते!

मग आम्ही समास गाळले, कोयता आणि मोळी आणली. वाचून पाहतो तो तेही सोंगच. कोयता आम्ही कधी धरला होता? आधी पांडित्य मिरवीत होतो, आता साधेपणा मिरवू लागलो.

अशा वेळी आपल्याच जिल्ह्यातील, पारनेर तालुक्यातल्या पिंपळनेरचे निळोबाराय आठवले. तुकोबारायांची त्यांना देहाने भेट झाली नाही, अनुग्रह स्वप्नात झाला, असे परंपरा सांगते. त्यांच्या वाणीला वळण गुरूंचे, पण शेवटी मुद्रा 'निळा' अशीच. भेटीची तळमळ त्यांच्या स्वतःच्या जिवाची होती, म्हणून बोलही त्यांचा झाला. नाममुद्रा म्हणजे वर बोललो ते माझे आहे, अशी देवापुढे दिलेली साक्ष.

मग आमचे स्वतःचे काय? खरे सांगायचे तर कीर्तन आटोपले की लोक वाखाणतात का, इकडेच आमचे कान. तेच दुखणे विठ्ठलापुढे मांडायला बसलो. आठ दिवसांत एकच चरण झाला, यमकही ओढाताणीचे. परंतु तो म्हणताना आमची मान प्रथमच खाली गेली.

अभ्यासकांनी एवढेच करावे. रचना झाली की एकेका चरणापुढे आपले नाव लावून मोठ्याने म्हणावे. जेथे जीभ अडखळेल तो चरण उसना समजून खोडावा.

आमचा अभंग अजून अपुराच आहे. पण ती म्हातारी पुन्हा भेटली, तर देवाला काय मागितले ते तिला सांगता येईल.

रामकृष्ण हरि.